ढोलापुरती जागा

बिबवेवाडी, पुणे
२० सप्टेंबर २०२४

विमलाबाई, नमस्कार.

तुम्ही अकोल्याला सुखरूप पोचल्याचं सुरुचीने ग्रुपवर टाकलं, तेव्हा प्रवास कसा झाला हे विचारत नाही. ग्रुपवर सगळं सगळ्यांना कळतं, म्हणूनच हे पत्र. तुमची उभी नोकरी पोस्टात गेली, त्यामुळे पाकीट बघून निदान तुम्ही तरी दचकणार नाही. माझ्या सुरुचीला आणि तुमच्या शौनकला यातलं एक अक्षरही सांगायचं नाही.

परवा विसर्जनाच्या मिरवणुकीत आपण दोघी लक्ष्मी रस्त्यावर दोरीला टेकून उभ्या होतो. बायकांचं पथक आलं, ढोल माझ्या छातीत वाजायला लागला आणि मी बोलून गेले, "पुढच्या वर्षी मी वाजवणार!" त्यावर आपण काय म्हणालात? "विहीणबाई, ढोल बांधाल कुठं? तिथली जागा तं आधीच भरली ना बापा!"

शौनक हसला, सुरुची हसली. आमचे हे हसले नाहीत, पण श्रीनिवासरावांना हसताना लग्नाच्या अल्बममध्येही कोणी पाहिलेलं नाही. मीही हसले. मग घरी आलो, जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर मला कठडा धरून थांबावं लागलं, आणि तेव्हा राग आला. तुमचा नाही, त्या थांबण्याचा. मी सत्तावन्न वर्षांची आहे, सत्त्याऐंशीची नाही.

तर पैज. पुढच्या वर्षी मी मिरवणुकीत ढोल वाजवला, तर तुम्ही डोक्याला फेटा बांधून आमच्या पथकापुढे भर रस्त्यात फुगडी घालायची. नाही वाजवला, तर मी सगळ्या नातेवाइकांसमोर लिहून देईन की पुण्यापेक्षा अकोला भारी. ही शिक्षा किती जबर आहे हे बाहेरच्यांना कळत नाही, पण मी मूळची सदाशिव पेठेतली आहे, एवढं लक्षात घ्या.

तुमची,
हेमा


अकोला
१ ऑक्टोबर २०२४

अहो विहीणबाई,

पैज मंजूर! कागद जपून ठेवला आहे. चौकट आणून ठेवू का, तुमचं लिहून दिलेलं लावायला?

चेष्टा पुरे. त्या दिवशी मी बोलले ते तुम्हाला लागलं असेल तर माझं तोंडच तसं आहे. आमच्याकडे माणूस आवडलं की त्याला टोमणा मारतात, नाही आवडलं की "या, बसा" म्हणतात.

दिवाळीला डिंकाच्या लाडवांचा डबा पाठवते आहे. ढोलाला ताकद लागते. आणि मुलाकडच्या विहिणीने पाठवलेलं परत करत नाहीत, हे सदाशिव पेठेतही ठाऊक असेल.

विमला


बिबवेवाडी
१२ नोव्हेंबर २०२४

विमलाबाई,

डबा आला, डबा संपला. नावं ठेवायला जागा नाही, हीच तक्रार.

पण ऐका! आमच्या इमारतीत तळमजल्यावर सृष्टी राहते, इंजिनिअर आहे आणि बायकांच्या पथकाची प्रमुख. काल धीर करून तिच्याकडे गेले. ती हसली नाही. तिने सरळ ढोल आणला आणि माझ्या कमरेला बांधला. विमलाबाई, तुमचं म्हणणं खरं निघालं. पुढे पोट, पोटापुढे ढोल, आणि ढोलाच्या पलीकडच्या बाजूला माझा हात पोचेना! टिपरू हवेत फिरतंय आणि मी धापा टाकत उभी. थोड्याच वेळात ढोल सोडवून मला खुर्ची द्यावी लागली.

तरी तिने "काकू, राहू द्या" म्हटलं नाही. म्हणाली, "काकू, प्रॅक्टिस जूनच्या शेवटी सुरू होते. तोवर भरपूर वेळ आहे. क्रॅश डाएट अजिबात नको, हळूहळू करा. रोज थोडं चाला, ताटात थोडा बदल करा. जूनमध्ये मी परत बांधून बघते."

आजपासून चहात एक चमचा साखर कमी. दुसऱ्यांदा भात घ्यायच्या ऐवजी काकडीची कोशिंबीर. सकाळी गंगाधामच्या चढापर्यंत चालून आले. घरी येऊन यांना अभिमानाने सांगितलं, तर म्हणाले, "चढापर्यंत? म्हणजे चढ सुरू होतो तिथपर्यंत."

हो, तिथपर्यंत. पण उद्या चढणार आहे!

हेमा


बिबवेवाडी
२२ जानेवारी २०२५

विमलाबाई,

तिळाचे लाडू मिळाले. डबा मागच्यापेक्षा मोठा आहे. मी काही बोलत नाही.

बोलते. तुम्ही हे मुद्दाम करताय का? मी इथे साखर मोजून खाते आणि दर सणाला अकोल्याहून तोफगोळे येतात!

शिवाय माझंच एक शहाणपण अंगाशी आलं. हळूहळू करा, असं सृष्टी म्हणाली होती. मला घाई. विचार केला, उपास करावेत, पुण्य मिळेल आणि पोटही जाईल. संकष्टी होतीच, तिला मंगळवार जोडला, गुरुवार जोडला. मग उपास म्हटल्यावर काय? साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट, साजूक तूप, बटाट्याचा कीस, संध्याकाळी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. महिनाभर मनोभावे उपास केले आणि काट्यावर उभी राहिले, तर वजन वाढलेलं! हे म्हणाले, "देव प्रसन्न होईल. काट्याचं सांगता येत नाही."

दोन दिवस रुसून बसले. खरंच रडू आलं. मग स्वतःवर पाळत ठेवली, की मी दिवसभर खाते तरी काय. आणि चोर सापडला! जेवणं झाली की पातेल्याच्या तळाशी चमचाभर भाजी उरते, अर्धी पोळी उरते, यांच्या ताटातला पापड उरतो. ते मी ओट्याशी उभ्या उभ्या संपवते. टाकवत नाही ना! आपण बायका अन्न टाकत नाही, पोटात टाकतो. पस्तीस वर्षं माझं पोट म्हणजे या घराचा उरलंसुरलं ठेवायचा डबा झालं होतं.

आता मूठभर कमीच रांधते आणि उरलं तर झाकून फ्रिजमध्ये. जास्तीचे उपास बंद. पहिल्याच आठवड्यात काटा हलला, अगदी थोडा, पण खाली! स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवत होते.

हेमा


अकोला
३ फेब्रुवारी २०२५

विहीणबाई,

मुद्दाम कशाला करीन? लाडू केले, पाठवले. एवढं काय?

ते ओट्यापाशी उभं राहून खाण्याचं वाचलं आणि तेवढंच परत एकदा वाचलं. खरं लिहिलंत.

दोन गोष्टी विचारायच्या होत्या. चहातली साखर तुम्ही एकदम सोडली की थोडी थोडी? आणि चालताना गुडघे दुखले तर आधी काय करायचं? माझ्या जुन्या ऑफिसातली एक मैत्रीण विचारत होती. सविस्तर लिहा, तिला वाचून दाखवीन.

विमला


बिबवेवाडी
५ एप्रिल २०२५

विमलाबाई,

तुमच्या "मैत्रिणी"ला सांगा, साखर थोडी थोडी सोडायची, जिभेला पत्ता लागू द्यायचा नाही. गुडघ्यांसाठी खुर्चीत बसून पाय सरळ उचलायचे आणि सपाट रस्त्यावर सावकाश चालायचं. तरी दुखले तर डॉक्टरला दाखवायचे. माझी बातमी काढण्यासाठी मैत्रीण कशाला उभी करता? सरळ विचारा, मी सांगते.

ऐकाच! गंगाधामचा चढ मी न थांबता चढते. घरचा जिनाही! ब्लाउज आत घ्यायला टाकले तेव्हा शिंपी म्हणाला, "काकू, आजारी होतात का?" असा आनंद झाला म्हणून सांगू! रात्रीचं जेवण आता दिवेलागणीनंतर लगेच. आणि ढोलाचा सराव म्हणून गव्हाच्या पिठाचा डबा ओढणीने कमरेला बांधून हॉलमध्ये फेऱ्या मारते. परवा समोरच्या वेणूबाई विरजण मागायला आल्या, मला तशी बघून विरजण न घेताच परत गेल्या. यांनी दार लावताना त्यांना सांगितलं, "दळणाला निघाल्या आहेत. अजून हॉलमध्येच आहेत."

आणि अशात पाडव्याला तुमचे बेसनाचे लाडू! मी यांच्या मित्रांत वाटायला दिले, तर हे रिकामा डबा आणि अर्धा डझन लोकांची "अजून आहेत का?" ही चौकशी घेऊन आले. लाडवांतले दोन माझ्या पोटात गेलेच, आणि मग रात्रभर स्वतःवर चिडले.

आता स्पष्टच लिहिते. जूनपर्यंत मला जागा करायची आहे. चेष्टेतली पैज असेल तुमच्यासाठी, माझ्यासाठी राहिलेली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्यासाठी काहीतरी मागितलंय. तुम्हाला जिंकायचंच असेल तर जिंका, पण लाडवांनी नको. पुढचं पार्सल मी घेणार नाही.

हेमा


अकोला
९ मे २०२५

हेमाताई,

अक्षय्य तृतीयेला पाठवलेलं पार्सल काल परत आलं. "घेण्यास नकार, पाठवणाऱ्यास परत." हा शेरा मी नोकरीत कितीकदा मारला, आज पहिल्यांदा माझ्याच दारात आला. पोस्टमन ओळखीचा, बिचारा नजर चुकवत होता. आधी मला फार राग आला. विहिणीचं पार्सल परत! मग डबा उघडला, एक लाडू हातात घेतला आणि खाली ठेवला. तेव्हा ठरवलं, खरं लिहायचं.

मैत्रीण बित्रीण कोणी नाही. मीच आहे.

मागच्या वर्षी पुण्याहून परतले आणि डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर हद्दीबाहेर जाऊन बसली होती. "विमलाताई, वजन उतरवा, चाला. तीन-चार महिन्यांनी बघू, नाहीतर औषध सुरू." मी घाबरले, आणि औषधापेक्षा शौनकला घाबरले. तो केव्हाचा मागे लागला आहे, "आई, एकटी कशाला राहते तिथं? हडपसरला ये." लेकरू प्रेमानेच म्हणते. पण माझं हे घर, माझं अंगण, संध्याकाळी गप्पांना येणाऱ्या बाया, हे सोडून मी त्या अकराव्या मजल्यावर काय करू? त्याला साखरेचं कळलं असतं तर आठ दिवसांत माझी गाठोडी बांधून नेली असती. म्हणून कोणालाच सांगितलं नाही.

आणि लाडू! हेमाताई, या घरात एकेकाळी सणाला बारा माणसं जेवायची. आता मी एकटी, पण हाताला कमी करता येत नाही. सण आला की परात भरून लाडू होतात. घरात राहिले तर मी खाते, शेजारी दिले तर त्यांचे दुप्पट परत येतात. म्हणून सगळा डबा बांधून पोस्टात टाकायचे. माझ्या तोंडापासून सगळ्यांत लांब आणि हक्काचं ठिकाण म्हणजे तुमचं घर! तुमच्या वजनाचा विचार मनात आलाच नाही, असं म्हणत नाही. आला. पण मी स्वतःला सांगायचे, त्यांच्याकडे खायला दोघं आहेत.

तुम्ही पत्रात जे जे लिहिलं ते मी इथे करत होते. तुमची साखर कमी झाली तशी माझी. तुम्ही चढ चढलात, अकोल्यात चढ नाही, म्हणून मी गच्चीवर फेऱ्या धरल्या. तुमचं ओट्यापाशी उभं राहून खाणं वाचलं तेव्हा माझ्याही हातात पातेलं होतं. बांगड्या आता कोपरापर्यंत चढतात. सहा महिने तुम्ही दोघींसाठी चालत होता आणि तुम्हाला पत्ता नव्हता.

रागावल्या असाल तर रागवा. पण ढोल सोडू नका. मला फुगडी घालायची आहे!

तुमची,
विमला


बिबवेवाडी
१३ मे २०२५

विमलाताई!!

पत्र जिन्यातच फोडलं, जिन्यातच वाचलं आणि तिथेच पायरीवर बसून रडले आणि हसले. मी तुमचं पार्सल परत पाठवलं, आणि तुम्ही माझ्या पत्रांवर चालत होतात! हे वर बोलवायला आले, त्यांना वाचून दाखवलं. तेवढी माफी असावी, घरात एक तरी माणूस लागतं. वाचल्यावर म्हणाले, "लाडू परत पाठवणं ही तुझी एकमेव चूक. ते मी खाल्ले असते."

आता माझं ऐका. लाडू करायचे, पण वाटीच्या मापाने. परात माळ्यावर. डॉक्टरांना दाखवत राहायचं, त्यांनी औषध दिलं तर मुकाट्याने घ्यायचं. शौनकला मी काही सांगणार नाही. ते तुम्ही सांगायचं, तुमच्या वेळेला आणि ताठ मानेने. आणि गणपतीला या!

तुमचीच,
हेमा


बिबवेवाडी
२८ जुलै २०२५

विमलाताई,

सराव सुरू होताच सृष्टीने परत ढोल बांधून पाहिला. हात पोचला! पलीकडे, बरोबर मध्यावर, खणखणीत! मैदानावरच्या सगळ्या मुली ओरडल्या. मग तिने ढोल काट्यावर ठेवला. मी जेवढं वजन उतरवलं, जवळपास तेवढाच भरला. म्हणजे नोव्हेंबरात मी दोन ढोल बांधून उभी होते, त्यातला एक काढता येत नव्हता!

पण पुढचं ऐका. पथकाचा नियम असा, की गणपतीच्या आधीच्या आठवड्यापर्यंत जी पूर्ण सराव ढोल खाली न ठेवता वाजवेल तिलाच मिरवणुकीचा फेटा. काल माझी पाळी होती. दम टिकला, हात टिकले आणि ओढणी सुटली! नायलॉनची ओढणी, घामाने घसरली आणि ढोल गुडघ्यावर. खाली ठेवला तो ठेवलाच, नियम म्हणजे नियम. सृष्टी म्हणाली, "काकू, अजून एक चान्स आहे." एकच आहे. गुडघा हिरवानिळा झालाय आणि झोप येत नाही. आता मागे राहिले तर फार वाईट वाटेल, हे तुम्हालाच सांगते.

हेमा


अकोला
४ ऑगस्ट २०२५

हेमाताई,

सोबत पार्सल आहे. घाबरू नका, खायचं काही नाही.

माझ्या आईचं सुती लुगडं आहे. धुऊन धुऊन मऊ झालं आहे, पण धागा पक्का. शेतावर जाताना ती याचीच ओटी बांधून मणभर कापूस वेचायची, कधी सुटलं नाही. पट्टी फाडून घ्या आणि ढोल त्याने बांधा. मला कापायला धीर झाला नाही, तुम्ही कापा.

तिकीट काढलं आहे. फेट्याचा रंग मात्र मी निवडणार.

विमला


अकोला
१२ सप्टेंबर २०२५

हेमाताई,

घरी पोचले, आणि पहिलं काम म्हणून हे लिहायला बसले. मिरवणुकीत तुमची नजर ताशेवालीवर होती, त्यामुळे तुम्हाला तुमचंच काही दिसलं नाही. ते मला सांगायचं आहे.

पथक बिबवेवाडीच्या चौकात वळलं तेव्हा मी तुम्हाला आधी ओळखलंच नाही. शोधत होते मागच्या रांगेत, आणि तुम्ही दुसऱ्या रांगेत! कमरेला माझ्या आईचं लुगडं, त्या शेवटच्या चान्सलाही न सुटलेलं. पहिला ठोका पडला आणि सुरुची "आई!" करून अशी किंचाळली, की पुढचा पोलीस वळून बघायला लागला. वेणूबाई गॅलरीतून फुलं टाकत होत्या. आणि सांगू? तुमचे श्रीनिवासराव हसत होते. सगळे दात दिसत होते! कोणाला खरं वाटायचं नाही म्हणून मी शौनककडून फोटो काढून घेतला आहे.

फुगडी मी घातली ती तुम्ही पाहिलीत. सुरुची आधी दमली, मी नाही. नंतर तुमच्याकडे जिना चढताना शौनक दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून थांबला. मी वरून विचारलं, "कावून रे, काय झालं?" आणि तिथेच पायरीवर त्याला सगळं सांगितलं. साखरेचं, गच्चीवरच्या फेऱ्यांचं, आणि गेल्याच महिन्यात डॉक्टरांनी तपासून, साखर हद्दीच्या आत आली, असंच चालू ठेवा, म्हटल्याचंही. तो माझ्या शेजारी पायरीवर बसला. मग म्हणाला, "आई, तू अकोल्यालाच राहा. पण मला पण शिकव हे." मी त्याला म्हटलं, पहिला धडा असा, ओट्यापाशी उभं राहून खायचं नाही.

पैज हरले. इतका आनंद जिंकून झाला नसता. चौकट मात्र वाया गेली, तेवढीच हळहळ.

विमला


बिबवेवाडी
१८ सप्टेंबर २०२५

विमलाताई,

चौकट वाया जाऊ देऊ नका. सोबतचा कागद तिच्यात बसेल.

"मी, हेमा श्रीनिवास, माहेर सदाशिव पेठ, हल्ली मुक्काम बिबवेवाडी, पैज जिंकलेली असताना, कोणाच्याही दबावाखाली नसताना आणि पूर्ण शुद्धीत लिहून देते की पुण्यापेक्षा अकोला भारी. कारण विमलाताई तिथे राहतात, आणि आता तिथेच राहणार आहेत."

खाली साक्षीदार म्हणून यांची सही आहे. सहीच्या पुढे कंसात "सही दिली आहे, सहमती नाही" असं त्यांनी लिहिलंय, तिकडे लक्ष देऊ नका. लिहिताना हसत होते.

हेमा